फोटोशिवाय कार्यक्रम होत नाही

आमच्या फ्रीमाँटमधल्या मराठी माणसाला मी पीएचडी करते असं सांगितलं की तो "अरे वा" म्हणतो. इतिहासात करते म्हटलं की त्याचा आवाज जरा खाली येतो. आणि लाओसच्या इतिहासात म्हटलं की तो माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या नवऱ्याकडे बघायला लागतो. नवरा म्हणतो, "तिला आवड आहे त्याची." त्याचा हेतू चांगला असतो, पण हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. चिप डिझाइन करणाऱ्याला चिपची आवड आहे, असं त्याची बायको कधी सांगत नाही.

मी नागपूरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती, शिकायला नव्हती, म्हणून शिकायला लागले. फ्रेंचांच्या वसाहतींवर एक कोर्स होता. त्यात व्हिएतनामला जवळजवळ सगळं सेमिस्टर दिलं होतं आणि लाओसला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात एका तळटिपेत मला माझा माणूस भेटला. शाळामास्तर होता, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडला, फ्रेंच परत आल्यावर नदी ओलांडून थायलंडात पळाला, काही वर्षांनी माफी घेऊन परत आला, मंत्री झाला, लवकर गेला. एका माणसाचं सगळं आयुष्य तळटिपेत उरकलेलं बघून मला राग आला आणि त्या रागावरच मी पुढची वर्षं काढली.

ज्यांना लाओस नकाशावर दाखवता येत नाही (म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांना) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुसरं महायुद्ध संपलं, जपानी गेले, आणि फ्रेंच परत यायच्या आत तिथल्या शिकलेल्या काही लोकांनी देश स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. त्यांचं सरकार काही महिने टिकलं. मग फ्रेंच सैन्य आलं आणि ही मंडळी बायकामुलांसकट मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या काठावर जाऊन राहिली. समोर आपला देश दिसतोय आणि आपण परक्याच्या गावात भाड्याच्या खोलीत, असं ते सरकार होतं. पुढे फ्रेंचांनी माफी आणि अर्धंमुर्धं स्वातंत्र्य देऊ केलं, तेव्हा चळवळ फुटली. काही जण व्हिएतनामी कम्युनिस्टांबरोबर डोंगरात गेले, काही घरी परतले. माझा माणूस परतला. म्हणून डाव्यांच्या पुस्तकांत तो विकला गेलेला आहे आणि उजव्यांच्या पुस्तकांत तो नाहीच.

तो परत का आला, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. त्याचं उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस जिवंत होतं, त्याची मुलगी, आणि ती फ्रेस्नोला राहत होती. बदामाच्या बागा आणि गाईंचा वास ओलांडत गाडीनं जायचं, बस्स. मी तिला शोधत पॅरिसच्या दप्तरखान्यांना मेल लिहीत होते, आणि ती इथे, आपल्याच कॅलिफोर्नियात, मुलाच्या घराच्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसलेली होती.

लाओ भाषेत आईच्या किंवा वडिलांच्या थोरल्या बहिणीला 'पा' म्हणतात. मी त्यांना तोंडावर पा म्हणते आणि मनात मावशी, म्हणून इथेही मावशीच म्हणते. ऐंशी कधीच ओलांडलेली बाई, बारीक चणीची, केस अगदी आखूड कापलेले. गॅरेजचं दार वर केलेलं असायचं, दारात गवती चहाच्या आणि पुदिन्याच्या कुंड्या, आणि शेजारी बांबूच्या टोपलीत चिकट भात. आम्ही अर्धं लाओ आणि अर्धं इंग्रजीत बोलायचो. माझं लाओ ऐकून त्यांना हसू यायचं, पण दुरुस्त करायच्या नाहीत. कोणी एवढं शिकलंय हेच खूप आहे, म्हणायच्या.

त्यांनी मला वडिलांचं सगळं सांगितलं. थायलंडच्या काठावर एका तांदळाच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. वडील दिवसा भाताच्या गिरणीत काम करायचे आणि संध्याकाळी खिडकीशी बसून सरकार चालवायचे, म्हणजे पत्रकं आणि भाषणं लिहायचे. तोंड नदीकडे. मावशी मागे चटईवर.

"मला त्यांची पाठ आठवते," त्या म्हणाल्या. "आणि कान. मोठे होते, बाहेर आलेले. संध्याकाळचं ऊन मागून पडलं की लाल दिसायचे."

"आणि चेहरा?"

"चेहरा तेव्हा कोण बघतं? रोजच तर होता समोर."

माफी जाहीर झाली तेव्हा मित्र दोन्ही बाजूंनी ओढत होते. एक म्हणे डोंगरात चल, दुसरा म्हणे घरी चल. वडील कोणाशीच बोलेनात. मग एका सकाळी त्यांनी मावशींच्या धाकट्या भावाला विचारलं, बाहेर कोण आलंय? भाऊ चार वर्षांचा होता. त्यानं थाईमध्ये उत्तर दिलं. वडिलांनी पुन्हा लाओमध्ये विचारलं, त्यानं पुन्हा थाईमध्येच सांगितलं आणि खेळायला पळाला. त्याच आठवड्यात वडिलांनी सामान बांधायला काढलं.

ही गोष्ट ऐकली त्या दिवशी मी घरी आले तर माझी मुलगी टेबलाशी बसली होती. मी विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "येस, आय एट." तेव्हा मला माझा माणूस पहिल्यांदाच नीट कळला. माझ्या गाईडला मात्र तो कळला नाही. तो म्हणाला, गोष्ट गोड आहे, पण हा पुरावा नाही, वैचारिक कारण शोध. म्हणजे एखाद्या बापानं पोरासाठी निर्णय घेतला तर तो विचार नव्हे. असल्या लोकांसमोर मी हात टेकले आहेत.

परत आल्यावर वडील मंत्री झाले, गाडी आली, आणि ते घरात दिसेनासे झाले. मावशींना व्हिएतनाममध्ये सायगावला नन्सच्या शाळेत घातलं. त्या बारा-तेरा वर्षांच्या असताना उत्तरेकडे दौऱ्यावर वडील तापानं गेले. मावशी घरी पोचल्या तोवर सगळे विधी उरकले होते. भिंतीवर फोटो मात्र भरपूर होते, राजाबरोबर, शाळेच्या उद्घाटनात, लग्नातले. पुढे कम्युनिस्ट सत्तेवर आले तेव्हा मावशींच्या आईनं ते सगळे चुलीत घातले. घरात राजाच्या मंत्र्याचा फोटो सापडला असता तर पोरं तुरुंगात गेली असती. एक अख्खा दिवस लागला, कारण जुने फोटो जाड कागदाचे होते.

मग मावशी स्वतः ती नदी ओलांडून गेल्या, त्याच काठावर, निर्वासित म्हणून. तिथे जुनी घरमालकीण अजून होती. तिनं शोधून एक फोटो दिला: परदेशातल्या त्या सरकारचा ग्रुप फोटो, नदीकाठी उभी असलेली पांढऱ्या सदऱ्यातली माणसं. वडील मागच्या रांगेत, टोकाला. चेहरा मसुराच्या दाण्याएवढा. जगात त्यांचा एवढाच फोटो आहे.

"मला त्यांचा चेहरा आठवत नाही आता," मावशी एकदा म्हणाल्या. "आहे असं वाटतं, आणि बघायला गेलं की नसतो." त्या हे रडून सांगत नव्हत्या. चष्मा सापडत नाही असं सांगावं तसं सांगत होत्या. मला मात्र त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मी तो फोटो आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेला. तिथल्या तज्ज्ञ बाईनं भिंगाखाली बघून सांगितलं की मूळ फोटोतच चेहऱ्यावर काही उतरलेलं नाही, कितीही मोठा केला तरी ठिपकेच वाढतील. मी मावशींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठिपके तर ठिपके. कधी मोठा केलास तर दाखव."

इथे आमच्या मंडळाचे कार्यवाह येतात. पुण्याचे, चाळिशीचे, एका मोठ्या कंपनीत काम करणारे आणि उरलेला सगळा वेळ मंडळाला देणारे. माणूस मनाचा मोठा आहे, कोणाच्या घरी आजारपण असलं तर डबा घेऊन सर्वांत आधी हाच पोचतो. पण त्याच्या तोंडात "करून टाकू" हे दोन शब्द आहेत आणि ते ऐकले की मला धडकी भरते. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला.

"अगं, पुण्याचे व्याख्याते कॅन्सल झाले. व्हिसाच नाही मिळाला. पंधरा ऑगस्टचा प्रोग्रॅम आहे, शाळेचा हॉल बुक केलाय, केटरिंग फायनल आहे. तू बोल ना यार. तुझा तो कोण लाओसचा फ्रीडम फायटर."

इतकी वर्षं मला कोणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं ते भोक बुजवायला. मी नाही म्हणणार होते. पण मग मावशी आठवल्या. त्यांच्या स्वतःच्या लोकांत वडिलांचं नाव काढायची सोय नव्हती. फ्रेस्नोच्या लाओ देवळात येणारे बरेच जण राजाच्या सैन्यातले. त्यांच्या लेखी त्या जुन्या चळवळीतला प्रत्येक माणूस कम्युनिस्टांचा भाऊ. तिकडे राजाचा माणूस म्हणून फोटो जाळावे लागले, इकडे लालभाई म्हणून नाव गिळावं लागलं. जगात कुठल्याही व्यासपीठावर त्या माणसाचं नाव आदरानं घेतलं जाणार असेल तर ते फ्रीमाँटच्या महाराष्ट्र मंडळात, समोशाच्या आधी. मी म्हटलं, बोलते, पण त्यांची मुलगीही येईल आणि तीही बोलेल.

"वा वा, मग तर एकदम हटके. त्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन करू. फक्त त्यांच्या वडिलांचा फोटो पाठव."

"फोटो नाही. म्हणजे धड असा नाही."

"असं कसं? फोटोशिवाय कार्यक्रम होत नाही गं. प्रतिमापूजन कशाचं करणार?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ग्रुप फोटो आहे तसा अख्खा मोठा करा, चेहरा धूसर येईल तो येऊ दे, हार त्या अख्ख्या फोटोला घाला. "डोन्ट वरी," ते म्हणाले, "आपण करून टाकू." मी फोटोची प्रत पाठवली आणि मावशींना फोन करून सांगितलं की आमच्यात मोठ्या माणसाचा फोटो मांडतात, हार घालतात, नमस्कार करतात आणि मगच बोलायला सुरुवात होते.

"मोठा करतील?" त्यांनी विचारलं.

"करतील. पण पा, धूसर येईल."

"तुमच्या लोकांना सांग, मी माझा चांगला स्कर्ट नेसून येईन."

त्या खरोखरच जरीच्या काठाचा रेशमी स्कर्ट आणि खांद्यावरून तिरकी ओढणी घेऊन आल्या. मी त्यांना पहाटे फ्रेस्नोहून आणायला गेले होते. अख्ख्या रस्त्यात त्या भाषणाची उजळणी करत होत्या, इंग्रजीत, कारण त्यांना वाटत होतं की माझ्या लोकांसमोर चुकलं तर वडिलांची लाज जाईल.

कार्यक्रम अर्थातच उशिरा सुरू झाला. आधी ढोल, मग लहान मुलांचं नृत्य, मग प्रायोजक असलेल्या रिअल इस्टेट एजंटचं भाषण, त्यात त्यानं स्वातंत्र्य आणि घराची मालकी यांचा संबंध जोडला. मावशी पहिल्या रांगेत ताठ बसून सगळ्याला टाळ्या वाजवत होत्या. स्टेजवर टेबलावर आपले नेहमीचे फोटो, चंदनाचे हार घातलेले, आणि त्यांच्या शेजारी एक मोठी नवी फ्रेम, तिच्यावर भगवी शाल टाकलेली. कार्यवाहांनी अनावरण ठेवलं होतं. मला सांगितलंही नव्हतं. सरप्राइज.

शाळेत आग पेटवायला बंदी असल्यामुळे समई विजेवरची होती. मावशींनी बटण दाबून दीपप्रज्वलन केलं. मग कार्यवाह माइकवर म्हणाले की आता ह्या कन्येच्या हस्ते आपण तिच्या पित्याच्या प्रतिमेचं अनावरण करणार आहोत, आणि मी इंग्रजीत सांगायच्या आत मावशींनी हात पुढे करून शाल ओढली.

आत एक देखणा माणूस होता. पन्नाशीचा, रुंद कपाळ, पाणीदार डोळे, तुळतुळीत कातडी, बंद गळ्याचा कोट, छातीवर कसलंसं पदक. मागे सोनेरी उजेड. किंचित हसत होता. त्याचे कान छोटे होते, डोक्याला चिकटलेले. मी आयुष्यात त्याला कधी पाहिलेलं नव्हतं आणि मावशींनीही नव्हतं.

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. हॉलमध्ये लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोणीतरी "भारत माता की जय" म्हटलं आणि मग गडबडून थांबलं. कार्यवाह माइकवर म्हणाले, "काय क्षण आहे हा." मावशींनी शाल नीट घडी घालून टेबलावर ठेवली, हात जोडले आणि त्या परक्या माणसासमोर कमरेतून वाकून नमस्कार केला. मग मी त्यांच्या हातात हार दिला आणि तो त्यांनी घातला.

मी माइककडे निघाले होते. हा तो माणूस नाही, एवढंच मला सांगायचं होतं. मावशींनी माझं मनगट धरलं. "त्यांनी किती कष्ट घेतलेत," त्या हळूच म्हणाल्या. "काही बोलू नकोस. आपण पाहुणे आहोत."

तुम्ही पाहुण्या आहात, मी नाही, मी वर्गणी भरते, असं मला म्हणायचं होतं. उशीर झाल्यामुळे आम्हा दोघींना मिळून दहा मिनिटं उरली होती. मी माझं आटोपतं घेतलं. मावशींनी पाठ केलेलं भाषण केलं, फोटोकडे एकदाही न बघता. नदी, गिरणी, धाकटा भाऊ, सगळं सांगितलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि सगळे समोशांकडे गेले.

मी कार्यवाहांना विंगेत गाठलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"कोण आहे हा माणूस?"

"म्हणजे? त्यांचे वडील."

"हे त्यांचे वडील नाहीत. हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"अगं, ओरिजिनलमध्ये काहीच दिसत नव्हतं. मी एआयला दिला. लाओसचा लीडर, त्या काळातला, एन्हान्स कर म्हटलं. चार-पाच ऑप्शन्स आले, त्यातला हा बेस्ट होता. बघ ना, किती डिग्निफाइड आलाय."

"मी सांगितलं होतं ना, धूसर आला तरी चालेल?"

"धूसर फोटोला हार घालायचा? बरं दिसतं का ते?" ते खरोखरच दुखावले होते. "पहाटेपर्यंत बसलो होतो मी यार. आणि त्या स्वतः पाया पडल्या. त्यांना आवडला नसता तर पडल्या असत्या का?"

जो माणूस पदरमोड करून, झोप मोडून, भलत्याच बापाची फ्रेम करून आणतो, त्याच्याशी भांडायचं तरी कसं? नवरा मध्ये पडला आणि मला म्हणाला, जाऊ दे, हेतू चांगला होता. हेतू चांगला होता हे मलाही दिसत होतं, आणि म्हणूनच माझा संताप कुठे जाईना.

मंडळानं ती फ्रेम मावशींना भेट दिली. बबल रॅपमध्ये गुंडाळून ती आमच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली. परतीच्या वाटेवर मावशींनी नारळाचं काय करायचं एवढंच विचारलं. भाजीत घालू का, म्हणाल्या. मी म्हटलं, घाला.

त्यांच्या मुलानं दारातच फ्रेम उघडली आणि त्याचा चेहरा उजळला. आजोबांना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणापासून त्या ठिपक्यावर बोट ठेवून हे तुझे आजोबा असं त्याला सांगितलं गेलं होतं. मी त्याला तिथेच खरं सांगणार होते, पण मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी गाडी काढली.

पुढचं सगळं फार भराभर झालं. मुलानं फ्रेमचा फोटो काढून फ्रान्समधल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांना पाठवला. त्यांनी पुढे पाठवला. परदेशातल्या लाओ लोकांच्या इंटरनेटवरच्या एका पानावर जुन्या चळवळीची आठवण म्हणून तो चढला, खाली माझ्या माणसाचं नाव. आणि एका सकाळी माझ्या गाईडचा मेल आला: अभिनंदन, तुला त्याचं पोर्ट्रेट मिळालं हे सांगितलं नाहीस, प्रकरणाच्या सुरुवातीला घालू.

मी लिहिलं, हा तो नाही, हे चित्र यंत्रानं बनवलंय. त्यानं विचारलं, तू हे कशावरून म्हणतेस? त्याची मुलगी त्याच्यासमोर वाकून नमस्कार करते, ह्याचा व्हिडिओ तुमच्या संस्थेनंच टाकलाय.

मी तो व्हिडिओ पाहिला. खरंच होतं. धाकट्या भावानं थाईमध्ये उत्तर दिलं ही त्या बाईनं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, ती पुरावा नव्हती. आणि यजमानांचा मान राखायला ती जे वाकली, तो पुरावा झाला. त्या दिवशी मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की मुलगी आतून म्हणाली, "आई, यू ओके?" मी म्हटलं, नाही. आणि मराठीत म्हटलं, मोठ्यानं.

कार्यवाहांना फोन करून व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. ते म्हणाले, त्यात प्रायोजकाचं भाषण आहे, एडिट करून पुन्हा टाकू. आजतागायत टाकलेला नाही, काढलेलाही नाही. मग उरला एकच मार्ग. मावशींनी स्वतः मुलाला सांगायचं, मुलगा नातेवाइकांना सांगेल, ते पान दुरुस्ती करेल, आणि माझा गाईड वाचेल. मी फ्रेस्नोला गेले.

फ्रेम हॉलमध्ये टांगलेली होती, टीव्हीच्या वर, खाली ताजी फुलं. मावशी गॅरेजमध्ये होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि आल्या आल्या सगळं ओतून टाकलं, गाईड, ते पान, व्हिडिओ. म्हटलं, पा, तुम्ही फक्त मुलाला एकदा सांगा की हे ते नाहीत. बाकीचं मी बघते.

"सांगितलं," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"गेल्या रविवारी. मी म्हटलं, हा माणूस माझा बाप नाही. तो रागावला नाही, चांगला मुलगा आहे. टीव्ही बंद केला, माझ्याजवळ येऊन बसला, आणि म्हणाला, बरं, मग ते कसे दिसायचे ते मला सांग."

त्या गवती चहाच्या कुंडीकडे बघत होत्या.

"मी डोळे मिटले," त्या म्हणाल्या. "पूर्वी मिटले की काही नसायचं, पण तिथे तेच आहेत हे मला माहीत असायचं. आता मिटले, तर हा माणूस वळून माझ्याकडे बघायला लागला. मी मुलाला काय सांगणार? मी म्हटलं, असेच दिसायचे. राहू दे तो फोटो."